हिब्रूतले पैशाचे शब्द नेमके कुठून सुरू करू? दुकान, बँक, पगार सगळंच अडतंय

कोल्हापूरची_लेक

नमस्कार. मी इस्रायलमध्ये पेताख तिक्वाला एका आजींकडे केअरगिव्हर आहे, येऊन फार दिवस नाही झाले. आजींशी बोलायचं हिब्रू बऱ्यापैकी जमायला लागलंय, बोई म्हणजे या, शेवी म्हणजे बसा, गोळी घ्या, पाणी हवंय का, कुठे दुखतंय, हे सगळं रोजचंच असल्यामुळे कानावर बसलं. पण पैशाचा विषय निघाला की मी एकदम गप्प होते. मोबाईलवरच्या ॲपने मला केसेफ म्हणजे पैसे, अर्नाक म्हणजे पाकीट आणि बँक म्हणजे बँक एवढंच शिकवलं, आणि ते प्रत्यक्षात कुठेच पुरत नाही. सुपरमार्केटमध्ये काउंटरवरची बाई एका दमात तीन प्रश्न विचारते, मला त्यातलं फक्त शेकेल, म्हणजे इथलं चलन, एवढंच कळतं, आणि मागे रांग ताटकळलेली असते.

दुसरं म्हणजे आजींचा मुलगा दर रविवारी किराण्याला पैसे देऊन जातो आणि पुढच्या रविवारी हिशोब विचारतो. माणूस चांगला आहे, संशय घेतो असं अजिबात नाही, पण मलाच वाटतं की पै-पैचा हिशोब आपण स्वतःच्या तोंडाने नीट सांगितला पाहिजे, कागद पुढे करून मान हलवणं मला पटत नाही. शिवाय पगाराचा कागद येतो तो अख्खा हिब्रूत, त्यावर काय काय कापलंय ते कळत नाही.

तर जे तिथे राहिलेत किंवा भाषा शिकलेत त्यांनी सांगा, आधी कुठले शब्द घेऊ, आणि आकडे ऐकून पटकन कळायला काय करू? वाचता थोडंफार येतं, अक्षरं ओळखते.

हैफाकर

ताई, मी इकडे बरीच वर्षं आहे, याच कामात. माझं स्पष्ट मत आहे की शब्दांची यादी पाठ करू नका, समोरचा काय बोलणार ते पाठ करा. आपण कामा झे ओले, म्हणजे हे कितीला, असं विचारायला एका दिवसात शिकतो, पण उत्तर येतं ते वाऱ्याच्या वेगाने आणि तिथेच गाडी अडते. झ कायम झाडातला म्हणायचा.

काउंटरवर म्हणजे कुपावर काय होतं ते सांगतो, ते जवळजवळ सगळ्या दुकानांत सारखंच असतं. आधी विचारतील येश लाख कार्तीस मोआदोन, म्हणजे दुकानाचं मेंबर कार्ड आहे का, नसेल तर नुसतं लो. मग साकीत, म्हणजे पिशवी हवी का, मोठ्या सुपरमार्केटमध्ये 2017 पासून कायद्यानेच प्रत्येक प्लास्टिक पिशवीचे 10 अगोरोत, म्हणजे शेकेलचा दहावा भाग, लागतात म्हणून ते विचारल्याशिवाय देत नाहीत. मग बिमझुमान ओ बेअश्राय, रोख की कार्ड. मझुमान म्हणजे कॅश, अश्राय म्हणजे क्रेडिट कार्ड. आणि तुम्ही कार्ड काढलंत की येतो तो प्रश्न ज्यात नवीन माणूस हमखास अडकतो, कामा ताश्लूमीम. म्हणजे किती हप्त्यांत पैसे देणार. इथे फ्रिज सोडा, महिन्याचा किराणासुद्धा लोक हप्त्यांत घेतात, त्यामुळे हे विचारणं त्यांच्या अंगवळणी पडलंय. एकदम द्यायचे असतील तर म्हणा ताश्लूम एखाद, एकच हप्ता. शेवटी मशीनकडे बोट दाखवून तात्स्मीदी म्हणाली तर कार्ड मशीनला टेकवायचं, आणि कोद सोदी म्हणाली तर पिन टाकायचा. लो ओवेर म्हणाली तर कार्ड चालत नाहीये.

बस, हा सगळा संवाद पाच-सहा वाक्यांचा आहे. घरी आरशासमोर दोन्ही बाजूंनी बोला, आधी तिचं वाक्य, मग तुमचं.

कॅश दिली तर उरलेले परत मिळतात त्याला ओदेफ म्हणतात. ते दिलं नाही किंवा कमी दिलं तर न घाबरता मा इम हा-ओदेफ विचारायचं, उरलेल्याचं काय. आणि निळी 200 ची नोट घेऊन छोट्या दुकानात गेलात तर आधीच विचारून घ्या एफशार लिफ्रोत ली मातायिम, 200 चे सुट्टे मिळतील का.

पुण्यातून_हिब्रू

मी फक्त हौस म्हणून पुण्यात बसून शिकतोय त्यामुळे दुकानातलं हैफाकरांनी सांगितलं तेच खरं, मी नोटा-नाण्यांचं सांगतो कारण त्यावरून आकडे लक्षात ठेवायला मला फार मदत झाली. नोटा चारच आहेत. लाल 20 ची, हिरवी 50 ची, नारिंगी 100 ची, निळी 200 ची, आणि चारही नोटांवर कवीच आहेत, 20 वर राहेल, 50 वर चेर्निखोव्स्की, 100 वर लेआ गोल्डबर्ग, 200 वर आल्टरमन. एखाद्या देशाने सगळ्या नोटा कवींना द्याव्यात हे मला मनापासून आवडलं, शिकायला हुरूपच येतो. तर लाल म्हणजे एस्रीम, हिरवी खामिशीम, नारिंगी मेआ, निळी मातायिम, असं रंग बघून मोठ्याने म्हणत जायचं.

नाण्यांत एक गंमत आहे, अर्ध्या शेकेलचं नाणं आकाराने सगळ्यात मोठं आणि एका शेकेलचं सगळ्यात छोटं, त्यामुळे आकारावरून किंमत धरू नका, त्यावरचा आकडा वाचा. अर्धा म्हणजे खेत्सी. 100 अगोरोतचा एक शेकेल, पण हातात येणारं सगळ्यात कमी किमतीचं नाणं 10 अगोरोतचं. सध्याचा जो शेकेल आहे तो 1986 पासूनचा नवा शेकेल, महागाई इतकी भडकली होती की जुने 1000 शेकेल देऊन नवा एक अशी अदलाबदल झाली. म्हणून पावतीवर किंवा करारात शेकेल खादाश लिहिलेलं दिसतं, किंवा नुसती शिन आणि खेत ही दोन अक्षरं, ते बघून गोंधळू नका.

एक शंका मलाही आहे. पुस्तकात पाच शेकेलला खामिशा श्कालीम आहे आणि व्हिडिओत लोक खामेश शेकेल म्हणताना ऐकू येतात. बरोबर काय?

अश्दोदची_मावशी

बाळांनो, मराठीत हे वाचून फार बरं वाटलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, माझे आईबाप अलिबागकडचे, साठच्या दशकात इकडे आले, घरात अजून मराठीच चालते.

पुण्याच्या मुला, दोन्ही ऐकू येणार. शेकेल पुल्लिंगी आणि अगोरा स्त्रीलिंगी, म्हणून शाळेच्या हिशोबाने खामिशा श्कालीम आणि खामेश अगोरोत. पण बाजारात कोण एवढं बघतो, खामेश शेकेल, एसेर शेकेल असंच सर्रास बोलतात, आणि शेकेलचं श्कालीम सुद्धा करत नाहीत. तुम्ही शाळेतलं बोला, बँकेत ते चांगलं दिसतं, पण कान मात्र दोन्हीला तयार ठेवा. आणि ज्या रूपाच्या शेवटी आ येतो ते पुल्लिंगी, खामिशा, शिशा, असारा, हे आपल्या मराठी कानाला पण तसंच वाटतं तेव्हा सोपं जाईल.

कोल्हापूरच्या लेकी, तुला आकडे ऐकून कळत नाहीत त्याचं एक कारण सांगते. मराठीत आपण सत्तावीस म्हणतो, सात आधी आणि वीस नंतर. हिब्रूत एस्रीम वे-शेवा, वीस आणि सात, मोठा आकडा आधी. आपलं डोकं शेवटचा आकडा मोठा धरायला बसलेलं असतं. म्हणून हिब्रू ऐकताना पहिल्यांदा जे कानावर पडलं त्यावरच नोट काढायची, मागचे सुट्टे नंतर बघायचे. आणि श्लोशीम, शिशीम, शिवईम, श्मोनीम हे चार, म्हणजे तीस, साठ, सत्तर, ऐंशी, हे सगळे शवरून सुरू होतात आणि ईमवर संपतात, गोंधळ यातच होतो. या चौघांचीच वेगळी तालीम कर, बाकीचे आपोआप येतील.

दुकानातली किंमत बहुतेक नव्वदवर संपते, 9.90, 12.90. तिथे शेकेल आणि अगोरोत कोणी म्हणत नाही, नुसतं तेशा तिशईम म्हणतात, नऊ नव्वद. ते ऐकून नऊ आणि नव्वद मिळून नव्याण्णव धरू नको, नव्याण्णवला मोठा आकडा आधी, तिशईम वे-तेशा.

काही शब्द तर तुझ्याकडे आधीपासूनच आहेत. खेश्बोन म्हणजे आपला हिशोब, आपल्याकडे तो अरबी-फारसीतून आला आणि अरबी ही हिब्रूची सख्खी बहीण. हॉटेलचं बिल पण खेश्बोन, बँकेतलं खातं पण खेश्बोन. कीस म्हणजे खिसा. काबाला म्हणजे पावती, ती आपल्या कबूलच्या घरातली, पैसे मिळाल्याची कबुली. हे तीन पाठ करायला लागणारच नाहीत. फक्त हिब्रूतला ख घशातून घासून काढायचा, खबर शब्द उर्दूवाले म्हणतात तसा.

मंडईत जाशील तर शुक्रवारी दुपारी जा, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या धार्मिक सुट्टीच्या, आधी दुकान बंद करायची घाई असते, भाजीचे भाव उतरतात आणि सगळे ओरडून ओरडून आकडेच सांगत असतात, शालोश बेएसेर, दहाला तीन, शेकेल वगैरे काही नाही, नुसता बे लावला की एवढ्याला. तिथे काहीही न घेता नुसतं अर्धा तास उभं राहिलीस तरी कान तयार होतो. घासाघीस करायची तर ताआसे ली हानाखा, जरा कमी करा.

कोल्हापूरची_लेक

मावशी, हैफाकर दादा, खूप खूप आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. रविवारच्या हिशोबासाठी मी एवढं जुळवलंय, बघा ना बरोबर आहे का: नाताता ली मातायिम, शिलामती मेआ शिवईम वे-खामेश, निशआर एस्रीम वे-खामेश शेकेल, हिने हा-काबालोत. म्हणजे तुम्ही मला 200 दिले, मी 175 भरले, 25 शेकेल उरले, या पावत्या.

अश्दोदची_मावशी

छान जमलंय गं. दोनच ठिकाणी हात लावते. पंचवीस शेकेल म्हणजे अनेक, म्हणून निशआरू म्हण. आणि शाळेतलं बोलायचं तर एस्रीम वे-खामिशा. तू म्हणालीस तसं म्हटलंस तरी तो समजेल, पण निशआरू म्हटलंस तर त्याला कौतुक वाटेल. नाताता हे पुरुषाला, आजींनी दिले असतील तर आजींना नातात म्हणायचं. शिलामती, म्हणजे मी भरले, हे बाई-पुरुष दोघांना सारखंच. पण आत्ता भरतेय म्हणायचं तर तू अनी मेशालेमेत, तो दादा म्हणेल अनी मेशालेम. किती द्यायचे आहेत हे विचारताना तू कामा अनी खायेवेत, तो कामा अनी खायाव.

शटरिंगवाला_बीड

राम राम. मी बांधकामावर आहे, रिशोन लेत्सियोनजवळ साईट. वरचं सगळं बरोबर आहे पण मला म्हणायचंय की दुकानातले शब्द नाही आले तर जास्तीत जास्त चार शेकेल इकडंतिकडं होतील, पगाराच्या कागदावरचे शब्द नाही आले तर वर्षाचे हजारो जातात आणि कळत पण नाही. म्हणून ताई तुम्ही आधी ते शिका, काउंटरवरची बाई थांबेल दोन मिनिटं.

पगाराच्या कागदाला त्लूश म्हणतात. त्यावर सगळ्यात आधी दोन शब्द शोधा, ब्रुतो आणि नेतो, ब्रुतो म्हणजे कापायच्या आधीचा आणि नेतो म्हणजे हातात येणारा. मधला जो भाग त्याचं नाव निकुयीम, कपात. आता निकुयीममध्ये काय काय येतं ते बघायचं, मास हाखनासा म्हणजे इन्कम टॅक्स, बितुआख लेउमी म्हणजे सरकारी विमा, मग बितुआख रेफुई म्हणजे दवाखान्याचा विमा, आणि राहण्याचे पैसे कापले असतील तर मगुरीम. परदेशी कामगाराच्या पगारातून राहणं, विमा वगैरे मिळून मालकाला पाव हिश्शापेक्षा जास्त कापता येत नाही, तो कायदा आहे, त्यामुळे बेरीज करून बघायचीच. किमान पगार एप्रिल 2025 मध्ये महिन्याला 6247.67 शेकेल झाला, पूर्ण वेळ कामाला ब्रुतो चालू किमान पगाराच्या खाली दिसता कामा नये.

मग शाओत नोसाफोत, म्हणजे जादा तास. साईटवर दिवसाच्या जादा तासांत पहिल्या दोन तासांना 125 टक्के आणि त्यापुढे 150 टक्के. त्लूशवर ते 125 आणि 150 आकड्यातच लिहिलेले असतात, हिब्रू न वाचता पण सापडतात. मी दररोज किती वाजता आलो, किती वाजता सुटलो हे स्वतःच्या डायरीत लिहितो आणि महिना संपला की त्लूशशी ताडून बघतो. आमच्यातल्या एका पोराच्या कागदावर जादा तास निम्मेच आले होते, त्याने डायरी दाखवून खासेर ली शाओत म्हणजे माझे तास कमी आलेत एवढंच तीन शब्दांत सांगितलं आणि पुढच्या पगारात पैसे आले.

अजून एक शब्द लई महत्त्वाचा. पिकादोन. म्हणजे ठेव. आम्हा बांधकामवाल्यांचे पैसे मालक दर महिन्याला त्या ठेवीत भरतो आणि कायमचं देश सोडून जाताना ते मिळतात. दर महिन्याला भरतोय का नाही ते बघत राहायचं. आणि मागिया ली हे वाक्य पाठ करा, मला मिळायचे आहेत, माझे निघतात. कामा मागिया ली, माझे किती होतात. हे विचारायला लाजायचं कारण नाही, भीक मागत नाही आपण, घाम गाळलाय.

हैफाकर

बीडकर भाऊंचं एकदम मान्य, पण ताईंचं काम घरातलं आहे तर थोडं वेगळं आहे ते सांगतो. केअरगिव्हरला जादा तासांचा हिशोब बांधकामासारखा लागत नाही त्यामुळे ते 125-150 शोधू नका. तुमचा पगार दोन ठिकाणांहून येत असेल तर बघा, काही तास बितुआख लेउमीतर्फे कंपनी देते आणि बाकीचे कुटुंब. मग कंपनीचा त्लूश एक, आणि घरच्यांनी दिलेले त्याव्यतिरिक्त. दोन्ही मिळून बेरीज करायची, एकाच कागदाकडे बघून पगार कमी आला असं वाटतं आणि नाहक धास्ती बसते.

दमेय कीस हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. मावशींनी कीस म्हणजे खिसा सांगितलं ना, तेच, खिशातले पैसे. आपल्या कामात घरचे दर आठवड्याला खर्चाला थोडी रक्कम हातात देतात आणि महिनाअखेर ती पगारातून वजा होते, ती वेगळी बक्षिसी नाही. दर वेळी मिळाले की तारीख टाकून लिहून ठेवा, दोघांच्या सह्या असतील तर उत्तमच. मिकदामा म्हणजे उचल, ती पण तशीच वजा होते. वर्ष भरलं की दमेय हावराआ, वर्षातून मिळणारा विश्रांतीचा भत्ता, तो आपल्यालाही लागू आहे, आपण विचारल्याशिवाय कोणी आठवण करून देईलच असं नाही. खुफ्शा म्हणजे सुट्टी आणि पित्सुयीम म्हणजे काम संपल्यावरची भरपाई, हे दोन शब्दही त्याच पानावर लिहून ठेवा.

पगार पुढच्या महिन्याच्या 9 तारखेच्या आत व्हायला हवा. नाही झाला आणि बोलूनही काही हालत नसेल तर तेल अवीवला काव लाओवेद म्हणून संस्था आहे, कामगारांना फुकट सल्ला देते, तिथे आपल्यासारखे परदेशी भरपूर येतात, त्लूशचा फोटो घेऊन जायचं.

पुण्यातून_हिब्रू

आकडे ऐकायच्या सरावासाठी एक सुचवतो. फोनचं भाषांतराचं ॲप हिब्रू आकडे बोलून दाखवतं. त्यात 37, 73, 68, 86 असे उलटसुलट आकडे टाइप करायचे, स्क्रीन झाकून ऐकायचे आणि कागदावर लिहायचे, मग ताडून बघायचं. आधी सावकाश, मग वेग वाढवत. मला भरभर बोललेला आकडा कळायला लागला तो यानेच. आणि क्रियापदांसाठी पेअलीम नावाची साइट आहे, तिथे लेशालेम टाकलं की मी भरतो, भरते, भरलं, भरीन सगळी रूपं येतात, उच्चारासकट.

कोल्हापूरची_लेक

हे सगळं एकदम उपयोगी आहे. त्लूश काढून बसले होते, नेतो आणि निकुयीम दोन्ही सापडले, बितुआख लेउमी पण. आता शेवटचं एकच विचारते, घरी पैसे पाठवताना बँकेत किंवा पोस्टात काय बोलायचं? आत्तापर्यंत मैत्रीण सोबत यायची, ती आता बेर शेव्हाला गेली.

हैफाकर

बँकेच्या शाखेला स्नीफ म्हणतात, पोस्टाला दोआर. तिथे जाऊन म्हणायचं अनी रोत्सा लाआसोत हाआवारा ले-होदू, मला भारतात पैसे पाठवायचे आहेत. हाआवारा म्हणजे ट्रान्सफर, होदू म्हणजे आपला देश. पासपोर्ट मागतील, दार्कोन. घरच्यांचं खातं कुठल्या बँकेत, खाते नंबर, आयएफएससी कोड हे इंग्रजीत स्वच्छ कागदावर लिहून न्या, तिथे हिब्रूची गरज नाही.

हिब्रू लागते ती दोन प्रश्नांना, आणि ते पैसे देण्याआधी विचारायचे. मा हा-शआर, म्हणजे आज भाव काय, आणि कामा हा-आम्ला, म्हणजे तुमचं कमिशन किती. लोक फक्त आम्ला विचारतात, ती कमी दिसली की खूश होतात आणि भावात मार खातात. म्हणून तिसरा प्रश्न मी नेहमी विचारतो, कामा रुपियोत याग्गीऊ, किती रुपये पोहोचतील. त्यांनी सांगितलेला आकडा कागदावर लिहून मागायचा, तिख्तोव ली बेवाकाशा, बाई असेल तर तिख्तेवी. दोन ठिकाणी हेच विचारा आणि जिथे रुपये जास्त पोहोचतात तिथून पाठवा. झाल्यावर काबाला घ्यायची आणि पैसे घरी जमा होईपर्यंत ती फेकायची नाही, त्यावर जो व्यवहाराचा नंबर असतो तोच पुढे चौकशीला लागतो.